वडीलधाऱ्यांच्या औषधाची चिठ्ठी



शाळेच्या वार्षिकात भाषेच्या शिक्षकाने एखाद्या कवीविषयी अथवा व्याकरणातील एखाद्या विषयावर लिहावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. आणि आजवर आम्ही ती मोडलेली नाही. यंदा मात्र आम्ही जो पाठ घेऊन तुमच्यापुढे येत आहोत, तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. तो आम्हांला आमच्याच घरात, आणि फार उशिरा, शिकावा लागला. तुम्ही तो वेळीच शिकावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वडिलांचा गावात एक लहानसा पसरा होता. वय झाले तसा त्यांनी तो बंद केला. दुकानदाराला कसले आले निवृत्तिवेतन? रक्तदाबासाठी डॉक्टरांनी त्यांना रोज एक गोळी घेण्यास सांगितले होते, आणि पुढे मधुमेहाच्या दोन गोळ्यांची त्यात भर पडली. आम्ही दर महिन्याला ठराविक रक्कम त्यांच्या हाती ठेवत असू आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजत असू. प्रकृतीची चौकशी केली की त्यांचे उत्तर ठरलेले असे : "म्हाका कांय जायना." आम्हांला काहीही होत नाही, असे वडील सांगतात, त्या अर्थी सर्व ठीक आहे, असा सोयीचा अर्थ आम्ही काढत होतो.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधावयास ते उभे राहिले आणि नारळाची पेंड वर उचलता उचलता त्यांचा उजवा हात खाली आला. तोंड किंचित वाकडे झाले, शब्द अडखळू लागले. इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "गोळ्या नियमित घेत होते का?" आम्ही 'होय' म्हणालो. घरी येऊन पाहतो तो त्यांच्या पानाच्या जुन्या डब्यात सुरीने कापलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या कागदात नीट गुंडाळून ठेवलेल्या! एका महिन्याच्या गोळ्या ते दोन महिने पुरवीत होते. उरलेले पैसे त्यांनी चवथीच्या बाजारासाठी बाजूला ठेवले होते. मुलाबाळांकडे आणखी काय मागावयाचे, हा त्यांचा संकोच.

दैवयोगाने ते वाचले. पण शेकडो मुलांच्या वह्या तपासणाऱ्या आम्हांला आपल्या वडिलांच्या औषधाची चिठ्ठी एकदाही वाचावीशी वाटली नव्हती, ही खंत राहिली. त्यानंतर आम्ही त्या चिठ्ठीचा अभ्यास केला. जे कळले ते पुढे मांडत आहोत.

१. न दुखणारा आजार

तापाचे औषध आठ दिवसांत संपते. म्हातारपणाचे औषध तसे नसते. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा यांचे औषध जन्मभराचे सोबती होऊन बसते. कमावणारा हात थांबलेला असतो आणि खर्च मात्र नेमाने, दर महिन्याच्या दर दिवशी, चालूच असतो. घरात काटकसर करण्याची वेळ आली की वृद्ध माणूस प्रथम स्वतःच्या गरजेवर कात्री चालवतो. नातवाची फी, सुनेचे औषध, सणाचा बाजार हे सारे त्याला आपल्या गोळीहून मोठे वाटते.

या आजारांचा दुसरा धर्म असा की ते बहुधा दुखत नाहीत. दात दुखला तर माणूस रात्री तळमळतो. परंतु रक्तदाब वाढला तरी त्याची जाणीव होईलच असे नाही. त्यामुळे गोळी चुकली तरी दुसऱ्या दिवशी काही बिघडलेले दिसत नाही, आणि 'नाही घेतली तरी चालते' असा समज दृढ होतो. आत मात्र रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडावर, डोळ्यांच्या पडद्यावर त्याचा घाव पडत असतो. अर्धांगवायू आणि हृदयविकाराचा झटका यांच्या प्रमुख कारणांत अनियंत्रित रक्तदाबाची गणना होते.

गोळी अर्धी करून घेण्यात आणखी एक धोका आहे. काही गोळ्या पोटात गेल्यावर हळूहळू विरघळाव्यात अशाच रीतीने बनविलेल्या असतात. त्या मोडल्या तर सगळे औषध एकदम अंगात उतरते. म्हणून डॉक्टरांनी स्वतः सांगितल्यावाचून गोळी मोडू नये, चुकवू नये, बंद करू नये. खर्च झेपत नसेल तर तेच डॉक्टरांना सांगावे. हे सांगण्यात लाज कसली? रुग्णाला परवडेल असे औषध निवडणे हा त्यांच्या विद्येचाच एक भाग आहे. पण न सांगितलेली अडचण त्यांना कळणार कशी?

२. दोन नावांचे औषध

आता चिठ्ठी हाती घ्या. प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक त्याचे मूळ नाव. जसे मधुमेहावरील मेटफॉर्मिन, रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलवरील अॅटोर्वास्टॅटिन. दुसरे, कंपनीने आपल्या मालाला ठेवलेले व्यापारी नाव. तांदूळ तोच, पण एका दुकानात तो साध्या गोणीतून मापून मिळतो आणि दुसऱ्या दुकानात चित्रांच्या पिशवीतून. किमतीत मात्र अंतर पडते. औषधाचेही पुष्कळ अंशी असेच आहे. गोळ्यांच्या पट्टीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत मूळ नाव आणि त्यापुढे मिलिग्रॅममध्ये प्रमाण छापलेले असते. आजोबांच्या डोळ्यांना ती अक्षरे दिसत नाहीत, तुमच्या डोळ्यांना दिसतात. मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या औषधास जेनेरिक औषध म्हणतात.

आपल्या देशात अशी औषधे स्वस्तात तयार होतात याला इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच बनू लागले. पुढे १९७० चा पेटंट कायदा झाला व १९७२ पासून तो अमलात आला. त्या कायद्याने औषधी द्रव्यावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवरच पेटंट देण्याचे ठरविले. त्यामुळे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तेच औषध निराळ्या पद्धतीने बनविण्याच्या वाटा शोधून काढल्या. २००५ पासून औषधी द्रव्यावरही पुन्हा पेटंट मिळू लागले. परंतु वर उल्लेखिलेली नेहमीची औषधे पेटंटच्या बंधनातून केव्हाच मोकळी झाली आहेत. ती कोणताही परवानाधारक कारखाना बनवू शकतो.

मग व्यापारी नावाचे औषध महाग का? नावाचा प्रचार करावा लागतो, प्रतिनिधी दारोदार पाठवावे लागतात, आणि एकदा नाव रुजले की त्या नावाचीही किंमत वसूल होते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमात अशी दुरुस्ती केली की डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावे. म्हणून "डॉक्टरसाहेब, या औषधाचे मूळ नावही लिहून द्याल का?" अशी नम्र विनंती करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. दुकानदाराने आपल्या मनाने औषध बदलून देऊ नये आणि आपणही घेऊ नये. मूळ नाव, मिलिग्रॅमचे प्रमाण आणि गोळीचा प्रकार ही तिन्ही जुळली पाहिजेत. अपस्मार, थायरॉईड यांसारख्या काही आजारांत औषधाच्या अल्प फरकानेही परिणाम बदलू शकतो. तेथे डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल उचलूच नये.

३. किमतीवर राज्याची नजर

औषधांच्या किमतींवर देखरेख ठेवण्यासाठी १९९७ साली राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण स्थापन झाले. सरकार आवश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी करते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. या यादीतील औषधांना २०१३ च्या मूल्य नियंत्रण आदेशाप्रमाणे कमाल किंमत ठरवून दिली जाते. ती ठरविण्याची रीत गणिताच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. बाजारात ज्या औषधाचा वाटा निदान एक टक्का आहे, अशा सर्व नाममुद्रांच्या किमतींची सरासरी काढावयाची आणि तीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवावयाचे. येईल ती कमाल मर्यादा. यादीबाहेरील औषधांची किंमतही वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही.

पट्टीवर छापलेल्या किमतीत सर्व कर आलेले असतात. त्याहून एक पैसाही अधिक देऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि काही जीवरक्षक औषधांवरील कर अजिबात काढून टाकण्यात आला. प्रत्येक खरेदीची पावती मागून घ्यावी व जपून ठेवावी. पावती नसेल तर तक्रार करावयास पुरावा उरत नाही.

४. जनऔषधी केंद्र

जेनेरिक औषधे सामान्य माणसाला सहज मिळावीत म्हणून केंद्र सरकारने २००८ साली अमृतसर येथे पहिले जनऔषधी दुकान उघडले. आरंभीची काही वर्षे ही योजना रांगत चालली. २०१६ पासून ती 'प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना' या नावाने ओळखली जाते, आणि २०२५ साली देशातील अशा केंद्रांची संख्या पंधरा हजारांवर गेली. तेथील औषधांची किंमत नामांकित औषधांच्या मानाने सामान्यतः ५० ते ८० टक्क्यांनी कमी असते. पुरवठा जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादनविषयक निकषांस उतरलेल्या कारखान्यांकडून होतो आणि प्रत्येक घाणीची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून मगच ती दुकानांकडे रवाना केली जाते. 'स्वस्त ते निकस' हा समज येथे लावणे बरोबर नाही.

एक उदाहरण सोडवू. समजा, एका आजीला रोज तीन गोळ्या घ्यावयाच्या आहेत आणि त्यांची किंमत अनुक्रमे ९, १२ व १५ रुपये आहे. रोजचा खर्च ३६ रुपये, महिन्याचा १,०८० रुपये आणि बारा महिन्यांचा १२,९६० रुपये झाला. त्याच तीन गोळ्या जनऔषधी केंद्रात २, ३ व ४ रुपयांना मिळाल्या, तर रोज ९, महिन्याला २७० आणि वर्षाला ३,२४० रुपये लागतील. बचत ९,७२० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. खरे आकडे तुम्ही आपल्या घरच्या चिठ्ठीवरून काढावयाचे आहेत. परंतु अशा बचतीत गोळी अर्धी करण्याची पाळी उरत नाही, एवढे तरी ध्यानात यावे.

केंद्रात प्रत्येक औषध प्रत्येक वेळी असतेच असे नाही. यासाठी शेवटची पट्टी संपण्याची वाट न पाहता आठ-दहा दिवस आधीच चौकशी करावी. 'जनऔषधी सुगम' हे मोबाइलवरील साधन वापरून जवळचे केंद्र व औषधाची किंमत पाहता येते. घरात मोबाइल बहुधा तुमच्याच हातात असतो. अर्धा तास खेळण्यातून काढून तो या कामी लावा. याखेरीज २०१५ पासून काही मोठ्या सरकारी इस्पितळांत 'अमृत' नावाची दुकाने चालतात; कर्करोग व हृदयरोग यांवरील महागडी औषधे तेथे सवलतीत मिळतात.

५. आरोग्यकेंद्राची पायरी

स्वस्त औषधाचा विचार करताना विनामूल्य औषधाचा विसर पडू नये. आपल्या तालुक्यात प्राथमिक अथवा सामाजिक आरोग्यकेंद्र आहे. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व अर्धांगवायू यांच्या प्रतिबंधासाठी २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०२३ साली त्यात आणखी काही आजारांची भर घालून त्याचे नाव बदलण्यात आले. त्याअन्वये रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी आणि नेहमीची औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यसेवेसाठीही निराळा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो.

गोमंतकात तर सरकारी वैद्यकसेवेची परंपरा जुनी आहे. पणजीत १८४२ साली स्थापन झालेली वैद्यकशाळा म्हणजेच आजचे बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय. उत्तरेत म्हापशाचे आणि दक्षिणेत मडगावचे जिल्हा इस्पितळ आहे. जुनी माणसे त्यांना अद्याप 'आझिलो' आणि 'हॉस्पिसियो' याच नावांनी ओळखतात. मोठ्या डॉक्टरांना एकदा बांबोळीला दाखवावे आणि दर महिन्याच्या गोळ्या गावाजवळच्या केंद्रातून घ्याव्यात, असा क्रम अनेकांना सोयीचा पडतो. त्यासाठी जुनी चिठ्ठी, तपासण्यांचे कागद आणि आधारपत्र एका पिशवीत नीट लावून ठेवावे लागते. म्हाताऱ्या माणसाची खेप फुकट जाते ती बहुधा औषध नसल्याने नव्हे, तर कागद घरी राहिल्याने. ही पिशवी लावून देणे हे काम नातवंडांचे.

६. विम्याची पत्रे : काय मिळते, काय मिळत नाही

आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा लाभ ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांस, उत्पन्नाची अट न ठेवता, देण्यात आला. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' हे पत्र आधारावरून काढले जाते. त्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे इस्पितळातील उपचार होतात. केंद्र सरकारच्या अथवा माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेत जे आहेत त्यांना दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. खासगी विमा अथवा कर्मचारी राज्य विमा असणाऱ्यांना मात्र हे पत्र घेण्यास प्रत्यवाय नाही.

पण येथेच पुष्कळांची गल्लत होते. 'कार्ड काढले, आता गोळ्या फुकट' असे समजून माणसे औषधाच्या दुकानात जातात आणि निराश होऊन परततात. ही योजना इस्पितळात दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील औषधांचा खर्च तीत धरला जातो. पण दर महिन्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा धरला जात नाही. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही मुख्यतः इस्पितळातील उपचारांसाठीच आहे. २०१६ साली ती सुरू झाली तेव्हा, निदान पाच वर्षे गोव्यात राहिलेल्या कुटुंबांसाठी, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख व त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांची वार्षिक मर्यादा ठरविण्यात आली. इस्पितळाच्या खर्चासाठी विम्याचे पत्र आणि रोजच्या गोळीसाठी आरोग्यकेंद्र वा जनऔषधी केंद्र, असा भेद मनात पक्का करावा.

रोजच्या औषधाला ज्यांचा उपयोग होतो अशा काही सवलती मात्र विसरल्या जातात. वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींत काम करून कर्मचारी राज्य विम्याचे वर्गणीदार राहिलेले अनेक आजोबा गावात आहेत. निदान पाच वर्षे विमा असून जे नियत वयोमानाने निवृत्त झाले, त्यांना वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. औषधे तीत येतात. माजी सैनिकांसाठी २००३ पासून निराळी आरोग्ययोजना आहे. केंद्र सरकारचे निवृत्त सेवक सरकारी आरोग्ययोजनेच्या क्षेत्राबाहेर राहत असतील आणि त्या योजनेची बाह्यरुग्ण सेवा घेत नसतील, तर त्यांना महिना एक हजार रुपये वैद्यकीय भत्ता आहे. ज्या वृद्धांस कोणतेच निवृत्तिवेतन नाही, त्यांनी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मासिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो का हे पाहावे. दयानंद बांदोडकरांचे नाव असलेल्या या योजनेत साठ वर्षांवरील गरजूंचा समावेश आहे.

बेळगाव, इंदूर, बडोदे अथवा हैदराबाद येथे आमच्या वाचकांचे आप्त आहेत. राज्याच्या योजना ठिकठिकाणी निराळ्या. परंतु जनऔषधी केंद्र, वय वंदना पत्र आणि कर्मचारी विमा हे सर्वत्र सारखेच. त्यांनाही पत्राने अथवा दूरध्वनीने हे कळवावे.

एक इशारा. ही पत्रे काढून देतो म्हणून कोणी पैसे मागू लागला, अथवा मोबाइलवर आलेला गुप्त अंक विचारू लागला, तर त्यास घराच्या उंबऱ्याआतही घेऊ नये. आयुष्मान पत्र विनामूल्य आहे.

७. कायदा आणि त्याहून मोठे

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा संमत झाला. या कायद्याने 'निर्वाह' या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबरच वैद्यकीय उपचारही धरले आहेत. मुलामुलींवर, इतकेच नव्हे तर सज्ञान नातवंडांवरही, ही जबाबदारी येते. न्यायाधिकरण महिना दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम देवविते आणि तेथे वकील लागत नाही. अडचणीत सापडलेल्या वृद्धांसाठी १४५६७ हा देशभर चालणारा साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. हे ज्ञान असावे. परंतु घरातील माणसाला न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागणे हा त्या घराचा पराभव होय, असे आम्ही मानतो.

खरी अडचण पैशांइतकीच संकोचाची असते. वडिलांच्या आजारपणानंतर आम्ही आमच्या एका विद्यार्थिनीला, तिच्या आजीची चिठ्ठी घेऊन आरोग्यकेंद्रात जाण्यास सुचविले. आजी काही केल्या निघेना. "जन्मभर कोणाचे फुकट खाल्ले नाही, आता काय म्हणून रांगेत उभी राहू?" असे ती म्हणे. नातीने तिला समजाविले : "आजी, तू जन्मभर काड्यांची पेटी घेतलीस, साबण घेतलास, त्या प्रत्येकावर कर भरलास. हे औषध तुझ्याच पैशांचे आहे." त्या मुलीने दिलेले उत्तर आमच्या कोणत्याही निबंधाहून सरस होते. आजी गेली. तिच्या तीनपैकी दोन गोळ्या केंद्रात विनामूल्य मिळू लागल्या. तिसरी, डॉक्टरांना विचारून, जनऔषधी केंद्रातून घेतली जाते. पूर्वी एकाआड एक दिवस गोळी घेणारी ती आजी आता रोज घेते.

म्हणून सांगतो, वृद्धांना विचारताना "गोळ्या घेतल्या का?" असा परीक्षकाचा प्रश्न करू नका. त्याचे उत्तर 'होय' असेच येणार. त्याऐवजी त्यांच्याजवळ बसा, डबा उघडा, "आजोबा, या पट्ट्या लावून देऊ का?" म्हणा आणि उरलेल्या गोळ्या सहज मोजा. महिन्याचे दिवस आणि उरलेल्या गोळ्या यांचा मेळ बसत नसेल, तर रागावू नका. कारण विचारा. बहुतेक वेळा ते कारण तुमच्यावरील मायेतच दडलेले सापडेल.

घरचा अभ्यास

या सुट्टीत पुढील पाच गोष्टी कराव्यात.

१. घरातील अथवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीच्या औषधांची यादी तिच्या अनुमतीने करावी : मूळ नाव, प्रमाण, वेळ, किंमत, संपण्याची मुदत.

२. महिन्याचा व वर्षाचा खर्च काढावा आणि त्याच औषधांची जनऔषधी केंद्रातील किंमत विचारून फरक मांडावा.

३. यांपैकी कोणती औषधे जवळच्या आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळतात याची चौकशी करावी.

४. ही यादी वडीलधाऱ्यांच्या हाती देऊन, पुढील भेटीत डॉक्टरांना दाखविण्यास सांगावे. औषध स्वतः बदलू नये.

५. कागदांची पिशवी लावावी आणि दिनदर्शिकेवर गोळीची खूण करण्याचे काम रोज एकाने घ्यावे.

या अभ्यासाला आम्ही गुण देणार नाही. याची परीक्षा दुसरीकडे होते.

आमच्या घरी आता भिंतीवरील दिनदर्शिकेत रोज सकाळी एक खूण पडते. वडिलांचा उजवा हात अजून पूर्वीसारखा चालत नाही, म्हणून ती खूण ते डाव्या हाताने करतात. रेघ वाकडीतिकडी येते. यंदाच्या चवथीला माटोळी आम्ही बांधली आणि त्यांनी खाली खुर्चीवर बसून कोणते फळ कोठे बांधावयाचे ते सांगितले. पानाचा तो डबा अजून त्यांच्या उशाशी असतो. आम्ही तो दर रविवारी उघडून पाहतो, आणि तो रिकामा आहे हे पाहून पुन्हा झाकण लावतो.